पाण्याचा अहवाल स्वच्छ आला, मग नाल्यातले झिंगे कुठे गेले? कीटकनाशके, गाळ आणि खाडीचा तळ

कन्हानकाठ (नागपूर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. आमची वडिलोपार्जित शेती कुही तालुक्यात, आंभोऱ्याच्या अलीकडे आहे. शेताच्या खालच्या अंगाने एक नाला वाहतो. तो कन्हानला मिळतो आणि कन्हान पुढे आंभोऱ्याला वैनगंगेत जाते. लहानपणी त्या नाल्यात पाय ठेवला की तळव्याखालून झिंगे सटकत, आणि दगड उचलला की खाली हमखास खेकडा सापडे. गेल्या दिवाळीनंतर मी मुद्दाम एक अख्खी सकाळ त्या नाल्यात घालवली. चाळीसेक दगड उलटून पाहिले, पण एकही झिंगा दिसला नाही आणि एकही खेकडा दिसला नाही. दगडांच्या कडेला गोगलगाई मात्र पूर्वीसारख्याच चिकटलेल्या होत्या, आणि काळसर गाळ बोटाने उकरला की केसासारखे बारीक लाल किडे वळवळताना दिसत होते.

आमच्या शिवारात कापूस आणि मिरची ही मुख्य पिके आहेत, त्यामुळे माझा संशय फवारणीवर गेला. मी पाण्याचा नमुना एका खासगी प्रयोगशाळेत दिला. अहवालात कीटकनाशकांच्या प्रत्येक नावापुढे ‘आढळले नाही’ असे लिहून आले. माझी मुलगी सध्या सागरी विज्ञान शिकते आहे. तिचे म्हणणे असे की, किनाऱ्यावर काम करणारे लोक या प्रश्नासाठी पाण्यावर विसंबत नाहीत, ते खाडीचा गाळ काढतात आणि त्या गाळात जिवंत प्राणी सोडून पाहतात. हे नेमके कसे करतात आणि पाण्याऐवजी गाळ का पाहतात, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. आणि आमच्या शेतातले औषध या नाल्याच्या वाटेने खरोखर समुद्राच्या तळापर्यंत पोहोचते का, हाही प्रश्न मनात आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

रेगूर (नागपूर)

सर, मी अनेक वर्षे कीटकनाशकांच्या अवशेषांचे पृथक्करण केले आहे, म्हणून आधी तुमच्या अहवालाबद्दल लिहितो. तो अहवाल खोटा नसावा. बहुतेक प्रयोगशाळा पाण्याचा नमुना आला की पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, समोर ठेवतात आणि त्यातल्या यादीप्रमाणे तपासणी करतात. त्या यादीत डीडीटी, एंडोसल्फान, क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, फोरेट ही नावे आहेत. परंतु सायपरमेथ्रिन, बायफेन्थ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांसारखे पायरेथ्रॉइड गटातले एकही कीटकनाशक नाही. कापसावर आणि मिरचीवर आज जे सर्रास मारले जाते, ते त्या यादीत शोधलेच जात नाही. शिवाय त्या मानकातल्या मर्यादा माणसासाठी ठरवलेल्या आहेत. क्लोरपायरिफॉसची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, आणि झिंग्याच्या दूरच्या नात्यातले हायलेला नावाचे छोटे कवचधारी प्राणी लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमच्या आसपासच निम्मे मरतात. माणसाला चालणारे पाणी त्या प्राण्याला तीनशे पटींनी घातक असू शकते, ही गोष्ट आपल्या अहवालांत कुठेही दिसत नाही, आणि मला ती फार खटकते.

आता गाळाकडे वळतो. पायरेथ्रॉइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. सायपरमेथ्रिनची विद्राव्यता लिटरला अवघी काही मायक्रोग्रॅम आहे. त्याउलट इमिडाक्लोप्रिड हे दुसऱ्या गटातले कीटकनाशक लिटरला सुमारे ६०० मिलिग्रॅम विरघळते आणि म्हणून ते पाण्यासोबत पुढे निघून जाते. बायफेन्थ्रिनला पाणी आणि मातीतला सेंद्रिय कार्बन असे दोन पर्याय दिले, तर समान वजनामागे ते पाण्यापेक्षा सुमारे दोन लाख पट जास्त कार्बनाकडे जाते. म्हणजे शेतातून ते वाहून जाते ते पाण्यात विरघळून नव्हे, तर मातीच्या बारीक कणांवर बसून. पहिल्या मोठ्या पावसात नाल्याला जो लाल-काळा लोंढा येतो, त्यातल्या मातीसोबत त्याचा सगळा प्रवास होतो. पाणी निवळल्यावर, दिवाळीनंतर, तुम्ही बाटली भरलीत. तोपर्यंत तो माल तळाला बसलेला होता.

नदीच्या मुखाशी हेच अधिक ठळकपणे घडते. गोड्या पाण्यातल्या चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांपासून दूर राहून तरंगत राहतात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की क्षारांमुळे तो भार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गुच्छ होतात आणि भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळी खाली बसतात. खाडीच्या कडेला पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जाणारा जो चिखल असतो, तो असाच साठलेला असतो. खोऱ्यात वर जे जे मातीला चिकटले, त्याचा मोठा हिस्सा तिथे थांबतो. म्हणूनच तुमच्या मुलीचे शिक्षक पाण्याआधी चिखल पाहतात.

एंडोसल्फान, डीडीटी ही जुनी नावेही त्या चिखलात अजून सापडतात. आपल्याकडे शेतीसाठी डीडीटी १९८९ साली बंद झाले आणि एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली; परंतु गाळाला सरकारी आदेशाची तारीख कळत नाही. डीडीटी प्राणवायू असलेल्या जागी डीडीई या रूपात जाते आणि प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलात डीडीडी या रूपात. मूळ डीडीटीच्या तुलनेत ही दोन रूपे किती आहेत हे पाहिले की माल जुना आहे की अलीकडचा, याचा चांगला अंदाज येतो.

भरतीओहोटी (नागपूर)

मी मूळची नागपूरची असले तरी माझी बरीच वर्षे किनाऱ्यावर, गाळाच्या विषारीपणाच्या चाचण्या करण्यात गेली. रेगूर यांनी रसायनाची बाजू लिहिली आहे, मी प्राण्यांची लिहिते.

चाचणीची कल्पना अगदी सरळ आहे. काचेच्या चंचुपात्रात दोन सेंटिमीटर गाळ घालायचा, त्यावर योग्य खारटपणाचे स्वच्छ पाणी अलगद ओतायचे, रात्रभर स्थिर होऊ द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक पात्रात वीस अ‍ॅम्फिपॉड सोडायचे. तांदळाच्या दाण्याएवढे, पाठीत वाकलेले, कोळंबीच्या वर्गातले हे प्राणी गाळात बीळ करून राहतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यासाठी इओहॉस्टोरिअस वापरतात, गोड्या किंवा कमी खारट पाण्यासाठी हायलेला अझ्टेका. गाळ चांगला असेल तर ते पाण्यातून थेट खाली जातात आणि मिनिटाभरात दिसेनासे होतात. गाळात काही असेल तर काही वेळा पहिल्या तासातच कळते: आत गेलेले प्राणी पुन्हा वर येतात आणि एका कुशीवर पडून पाय थरथरवत राहतात. पायरेथ्रॉइड मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतात, म्हणून ही थरथर होते. दहा दिवसांनी गाळ चाळणीतून धुऊन जिवंत मोजायचे आणि शेजारी ठेवलेल्या स्वच्छ गाळाशी तुलना करायची. मी शेकडो पात्रे चाळली आहेत, तरी चाळणीत वीसपैकी एकही हलत नाही असे पात्र समोर आले की हात थांबतो.

यात एक अवघड भाग आहे. मेलेला प्राणी कशाने मेला हे सांगत नाही. खाडीच्या काळ्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. शिवाय अमोनिया असतो, शहराचे सांडपाणी येत असेल तर धातू असतात. म्हणून पुढची पायरी असते ती दोषी ओळखण्याची, आणि त्यातल्या दोन युक्त्या मला आजही विलक्षण वाटतात. पायपेरोनिल ब्युटॉक्साइड नावाचा पदार्थ प्राण्याच्या शरीरातली विष मोडणारी विकरे अडवतो. तो पात्रात घातल्यावर प्राणी आणखी वेगाने मेले, तर संशय पायरेथ्रॉइडवर जातो. उलट ते वाचू लागले तर क्लोरपायरिफॉससारख्या ऑर्गेनोफॉस्फेटवर, कारण क्लोरपायरिफॉसला विषारी बनण्यासाठी त्याच विकरांनी बदलावे लागते. दुसरी युक्ती तापमानाची आहे. बहुतेक विषे उष्णतेत जोर धरतात, पण पायरेथ्रॉइड थंडीत अधिक मारक होतात. तोच गाळ २३ अंशांवर आणि १५ अंशांवर तपासला आणि थंड पात्रात जास्त प्राणी मेले, तर ती जवळजवळ पायरेथ्रॉइडची सहीच असते.

सर, तुम्ही तुमच्या नाल्याचे जे वर्णन केले ते वाचताना मी थबकले, कारण झिंगे-खेकडे गेले आणि गोगलगाई व लाल किडे राहिले, हे चित्र कीटकनाशकांशी जुळते. कवचधारी प्राणी आणि कीटक नात्याने जवळचे आहेत, म्हणून कीटकांवरचे औषध झिंग्याला लागते; गोगलगाय आणि गांडूळवर्गीय किडा ते बरेच सहन करतात. परंतु तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. ते लाल किडे कमी प्राणवायूतही राहतात, आणि काही गोगलगाई तर पृष्ठभागावर येऊन हवाच घेतात. म्हणजे प्राणवायू संपलेल्या नाल्यातही नेमके हेच चित्र दिसू शकते. पहाटे सूर्य उगवण्याआधी पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजा. तो चांगला असेल, तर तुमचा संशय बळकट होईल.

किनाऱ्यावर आम्ही म्हणूनच तीन गोष्टी एकत्र पाहतो: गाळात रसायन किती, त्या गाळात सोडलेले प्राणी जगतात का, आणि प्रत्यक्ष त्या जागी तळाशी कोण राहते. लाँग आणि चॅपमन यांनी १९८५ साली अमेरिकेच्या प्युजेट साउंडमध्ये ही पद्धत मांडली. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की मगच गाळ विषारी आहे असे म्हणायचे. तुमच्याकडे आज तिसरी आहे, पहिल्या दोन नाहीत.

पऱ्हाटी (काटोल)

सर, ताई, दोघांनाही नमस्कार. मी कापूस आणि संत्रा करणारा शेतकरी आहे, आणि हे सगळे वाचताना मला माझाच नाला दिसत होता. आमच्याकडे फवारणी झाली की मजूर पंप नाल्यावर नेऊन धुतात. मीही तसेच करत होतो. पंपाच्या तळाशी राहिलेले पांढरे पाणी प्रवाहात ओतले की ते दुधासारखे पसरत जाई आणि थोड्या वेळाने, खालच्या डोहाच्या कडेला, पाण्यावर चालणारे किडे उलटे पडलेले दिसत. ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होते, तरी मी कधी थांबलो नाही, याचे वाईट वाटते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, तेव्हापासून मी हातमोजे आणि तोंडाला मास्क वापरू लागलो. पण नाल्याचा विचार तेव्हाही आला नव्हता.

मात्र एक गोष्ट मला नोंदवावीशी वाटते. बीटी कापूस २००२ साली आला तेव्हा बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या होत्या. पुढे गुलाबी बोंडअळीला ते बियाणे पचू लागले आणि फवारण्या पुन्हा वाढल्या. शेतकरी हौसेने औषध मारत नाही, ते विकत घ्यावे लागते. आणि शहरात काय होते? नवीन घर बांधताना पायाच्या मातीत वाळवीसाठी औषध ओततात, डासांसाठी धूर करतात, बागेत फवारतात. ते सगळे नाग नदीतूनच जाते ना? दोष एकट्या शेतावर येऊ नये असे मला मनापासून वाटते.

भरतीओहोटी (नागपूर)

दादा, तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि त्याला पुरावाही आहे. कॅलिफोर्नियात रोजव्हिल या गावी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, जिथे शेती नाही अशा नव्या वसाहतींतून वाहणाऱ्या ओढ्यांचा गाळ हायलेलाला जवळजवळ सगळीकडे घातक होता, आणि मुख्य दोषी होते बायफेन्थ्रिन, म्हणजे घरे आणि बागांसाठी वापरले जाणारे औषध. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, शहरातून येणाऱ्या नाल्यांच्या मुखाशी असलेल्या खाड्यांमध्येही पायरेथ्रॉइडमुळे गाळ विषारी झाल्याचे दिसले आहे. सिमेंटच्या अंगणावरून पाणी मुरत नाही, ते सरळ गटारात जाते; शेतातल्या मातीत निदान काही अडते, काही मोडते. वाळवीसाठी वापरली जाणारी फिप्रोनिलसारखी औषधे तर प्राणवायू नसलेल्या गाळात सल्फाइड रूपात जातात, आणि ते रूपही विषारीच राहते.

पंपाबद्दल तुम्ही जे लिहिले ते वाचून मला राग आला नाही, बरे वाटले. पंप तीनदा थोड्या पाण्याने विसळून ते पाणी त्याच शेतात, धुऱ्यापासून आत, फवारून टाकणे एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

कन्हानकाठ (नागपूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहाटेचा प्राणवायू मोजण्याची सूचना मी या आठवड्यातच अमलात आणतो. महाविद्यालयात मीटर आहे. दोन गोष्टी अजून विचारतो. पहिली, गाळातल्या रसायनाचा आकडा हाती आला तर तो जास्त की कमी हे कसे ठरवायचे? दुसरी, आमच्या भागात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावांचा गाळ काढून शेतात टाकतात, आम्हीही टाकला आहे. त्या गाळातच हे सगळे असेल तर आम्ही ते पुन्हा शेतात आणून ठेवले का?

रेगूर (नागपूर)

आकड्याचे आधी सांगतो, कारण तिथे बहुतेकांची चूक होते. गाळातले प्रमाण कोरड्या वजनावर, ग्रॅमला नॅनोग्रॅम असे मिळते, पण प्राण्याला किती लागेल हे त्या आकड्यावरून ठरत नाही. जे कार्बनाने घट्ट धरून ठेवले ते प्राण्याच्या वाट्याला कमी येते. म्हणून तो आकडा गाळातल्या सेंद्रिय कार्बनाच्या हिश्शाने भागायचा. हायलेलाच्या दहा दिवसांच्या चाचणीत बायफेन्थ्रिनची निम्मे प्राणी मारणारी मात्रा कार्बनाच्या ग्रॅममागे सुमारे ०.५२ मायक्रोग्रॅम आहे, परमेथ्रिन या दुसऱ्या पायरेथ्रॉइडची १०.८. समजा तुमच्या गाळात ग्रॅमला ५ नॅनोग्रॅम बायफेन्थ्रिन निघाले. कार्बन ३ टक्के असेल तर कार्बनाच्या ग्रॅममागे ते ०.१७ मायक्रोग्रॅम होते, म्हणजे मारक मात्रेचा एक तृतीयांश. कार्बन १ टक्का असेल तर मारक मात्रेच्या जवळजवळ बरोबरीने. आपल्या काळ्या मातीत कार्बन अनेकदा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो. तिथे तोच ५ चा आकडा मारक मात्रेच्या जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून प्रयोगशाळेला गाळ द्याल तेव्हा सेंद्रिय कार्बन मोजायला विसरू नका, नाहीतर हातात आलेला आकडा काहीच सांगणार नाही. पायरेथ्रॉइड एकाहून अधिक असतील तर प्रत्येकाचा असा हिस्सा काढून बेरीज करायची, कारण ती एकाच पद्धतीने मारतात. मात्र हे आकडे २३ अंशांवरचे आहेत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पाणी त्याहून बरेच गरम असते आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे गरम पाण्यात पायरेथ्रॉइडचा जोर उतरतो. हिवाळ्यात, म्हणजे तुम्ही दगड उलटलेत त्याच सुमारास, तो जास्त असतो.

शेतात टाकलेल्या गाळाची फार धास्ती घेऊ नका. पाण्याखाली, अंधारात आणि प्राणवायूविना पडलेले बायफेन्थ्रिन वर्षभराहूनही जास्त टिकू शकते. तेच शेतात पसरले की ऊन, हवा आणि मातीतले जिवाणू त्याला तुलनेने लवकर मोडतात, आणि कणांना घट्ट चिकटलेले असल्याने पिकाच्या मुळांत ते फारसे शिरत नाही. जुन्या डीडीईबाबत भोपळ्याच्या कुळातले काही वेल, विशेषतः कुकुर्बिटा पेपो, अपवाद आहेत. ते मातीतून डीडीई वर खेचतात. शहराच्या सांडपाण्याचा गाळ असेल तर मला कीटकनाशकांपेक्षा धातूंची काळजी जास्त वाटेल. टाकलेला गाळ पुन्हा नाल्यात वाहून जाऊ नये, एवढे मात्र पाहा. नाल्याच्या बाजूला दोन-तीन मीटर गवताची पट्टी न वखरता सोडली की बारीक माती तिथे अडते.

समुद्राचा प्रश्न राहिला. तुमचा नाला कन्हानमार्गे वैनगंगेत, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागरात. पण वाटेत गोसीखुर्दचे धरण आहे, पुढे गोदावरीवर धवलेश्वरमचा बंधारा आहे. आंभोऱ्याला तर गोसीखुर्दचे पाणीच थोपून असते. म्हणजे नदीचा वेग तुमच्या शिवाराजवळच संपतो आणि लोंढ्यातला बराचसा गाळ तिथेच बसतो. पुराच्या वेळी सर्वांत बारीक कण दारांतून पुढे जातातही, आणि कीटकनाशक सर्वाधिक चिकटते ते त्याच कणांना. तरीही गोदावरीच्या मुखाशी जे साठते त्यात त्रिभुज प्रदेशातल्या भातशेतीचा आणि किनाऱ्यावरच्या गावांचा वाटा जवळचा आहे. तुमच्या फवारणीचा हिशेब आधी आंभोऱ्याच्या डोहात मांडावा लागेल. तिथे मासे धरणाऱ्या ढिवर मंडळींना विचारा. कोणत्या साली झिंगे कमी झाले हे ते कोणत्याही अहवालापेक्षा नेमके सांगतील.

डोह विसरू नये यासाठी एक उदाहरण देतो. लॉस एंजेलिसजवळ पालोस वर्देसच्या किनाऱ्यासमोर एका कारखान्याचे डीडीटी अनेक वर्षे सांडपाण्यातून समुद्रात गेले. १९७० साली जवळच्या अ‍ॅनाकापा बेटावर तपकिरी पेलिकनच्या साडेपाचशेहून अधिक जोड्यांमागे एकच पिल्लू वाचले, कारण अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली होती की उबवायला बसलेल्या आईच्या वजनाने ती फुटत. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, पेलिकन हळूहळू परतले. समुद्राच्या तळावरच्या त्या गाळात मात्र अजूनही डीडीटी आहे.

भरतीओहोटी (नागपूर)

नमुना घेण्याबद्दल तेवढे लिहिते, कारण चांगला नमुना नसेल तर पुढचे सगळे वाया जाते. प्रवाहाच्या मध्यावर नव्हे, जिथे पाणी संथ होऊन बारीक गाळ बसतो तिथे थांबा. वरचा दोन सेंटिमीटरचाच थर स्टीलच्या डावाने अलगद उचला. खोल खणलेत तर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा गाळ मिसळेल. पाच-सहा ठिकाणचा गाळ स्टीलच्या पातेल्यात एकजीव करा आणि काचेच्या बरणीत भरा, प्लास्टिकच्या नको, कारण पायरेथ्रॉइड प्लास्टिकलाही चिकटतात. बरणी बर्फात, अंधारात ठेवून आणा. रसायनाच्या तपासणीचा हिस्सा गोठवला तरी चालतो, प्राण्यांच्या चाचणीचा गोठवू नका; तो थंड ठेवून दोन आठवड्यांच्या आत वापरायला हवा. आणि फवारणी न होणाऱ्या एखाद्या नाल्याचा, शक्यतो जंगलाकडून येणाऱ्या, तशाच मातीचा एक नमुना सोबत घ्या. तुलनेला तो नसेल तर दहा दिवसांनी चाळणीत दिसेल त्याचा अर्थ लावता येणार नाही.

कन्हानकाठ (नागपूर)

उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाजूने येणारा एक नाला माझ्या माहितीत आहे, त्याच्या वरच्या अंगाला शेती नाही; तुलनेचा नमुना तिथून घेईन. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला मुलीसोबत आधी आमच्या नाल्यावर प्राणवायू मोजतो, मग दोन्ही ठिकाणच्या बरण्या भरतो. प्राणवायूचे आकडे त्याच दिवशी इथे लिहितो.